शब्दसंग्रहाचे पुस्तक घेण्याआधी

प्रश्न : मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता अकरावीत आहे. पाच वर्षांच्या लॉसाठी क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि एमएच-सीईटी (महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा) दोन्ही देणार आहे. सांगलीत दुकानदाराने पाच हजार शब्दांचे जाडजूड पुस्तक दाखवले. नात्यातल्या एकाने सॅट या अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेश परीक्षेचे जुने पुस्तक दिले आहे. कोणते वापरावे?
– एक पालक, तासगाव

उत्तर : सॅटचे पुस्तक परत करा. त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द १९९४ मध्ये, शब्दसंबंध २००५ मध्ये आणि गाळलेल्या जागा २०१६ मध्ये गेल्या. जुन्या याद्या याच प्रश्नांसाठी केलेल्या असत.

क्लॅटचे इंग्रजी २०२० पासून उताऱ्यांवर चालते. सध्या १२० पैकी २२ ते २६ प्रश्न इंग्रजीचे असतात आणि उतारा साधारण ४५० शब्दांचा. शब्द विचारलाच तर त्या ओळीतला अर्थ विचारतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, त्यामुळे अर्धवट ओळखीचा शब्द अंगाशी येतो. एमएच-सीईटीत समानार्थी शब्द, वाक्प्रचार थेट येतात, पण चुकीला गुण कापत नाहीत.

पाच हजारांच्या पुस्तकाची परीक्षा दुकानातच घ्या. दोन्ही परीक्षांच्या मागच्या प्रश्नपत्रिकांतून मुलीला अडलेले वीस शब्द कागदावर लिहून न्या. (क्लॅटच्या प्रश्नपत्रिका ती परीक्षा घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर मिळतात.) त्यातले बारा-तेरा तरी सापडले पाहिजेत, आणि प्रत्येकाला पूर्ण वाक्याचे उदाहरण हवे. नुसता शब्द आणि समोर मराठी अर्थ असेल, तर पुस्तक तिथेच ठेवून या. मराठी माध्यमातली मुले नेमकी इथे फसतात : 'रिलक्टंट', 'अ‍ॅव्हर्स', 'हेझिटंट' या तिन्हींपुढे 'नाखूश' किंवा 'अनुत्सुक' असेच छापलेले असते. परीक्षेत त्यातले दोन पर्याय शेजारी आले की दोन्ही बरोबर वाटतात. म्हणून अर्थ इंग्रजी-इंग्रजी विद्यार्थी कोशात पाहायचा आणि मराठी फक्त खात्रीपुरते.

वही करण्यापेक्षा कार्डे करा. पुढे उताऱ्यातले वाक्य, शब्दाखाली रेघ. मागे त्या वाक्यापुरता अर्थ आणि शब्दासोबत येणारे शब्दयोगी रूप, जसे 'अ‍ॅव्हर्स टू'. दिवसाला आठ-दहा कार्डे पुरे. त्याच कार्डांची उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी. चुकलेले कार्ड पुन्हा पहिल्या दिवसापासून. तीस-तीस नवी कार्डे रोज केली की आठवड्यात उजळणीचा ढीग साचतो आणि सगळेच सुटते.

प्रश्न : शब्दांच्या कार्डांऐवजी मोबाइलवरचे अ‍ॅप चालेल का?
– विद्यार्थिनी, कराड

उत्तर : उजळणीच्या तारखेची आठवण करून देणारे आणि स्वतःची कार्डे घालू देणारे अ‍ॅप चालेल. तयार याद्यांचे, चार पर्यायांतून टिचकी मारायचे अ‍ॅप नको. पर्याय डोळ्यांसमोर असले की शब्द ओळखीचा वाटतो, पण उताऱ्यात एकटा भेटला की अर्थ आठवत नाही. उत्तर आधी तोंडाने म्हणा, मगच कार्ड उलटा.