चढाला बॅटरी दम का सोडते?

प्रश्न: ठाण्यात राहतो. माझी ४८ व्होल्टची ई-सायकल सपाटीला मस्त पळते पण गायमुखच्या चढाला अर्धं चार्जिंग दिसत असताना एकदम बंद, जरा थांबून ऑन केली की परत चालू. बॅटरी गेली का?

उत्तर: लगेच नवीन घेऊ नका! चढाला मोटर जास्त करंट ओढते, त्याने व्होल्टेज खाली बसतं, आणि ४८ व्होल्टच्या लिथियम-आयन पॅकमध्ये बहुतेक १३ सेल ओळीने जोडलेले असतात, त्यातला एक जरी कमकुवत असला तरी बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) अख्खा पॅक बंद करतो, मग लोड गेला की व्होल्टेज वर येतं म्हणून परत चालते. आधी कनेक्टर बघा, आपल्याकडच्या पावसात पिना हिरव्या पडतात, काळ्या झाल्या असतील किंवा गरम लागत असतील तर दोष तिथेच. ते ठीक असेल तर फुल चार्ज करून मल्टिमीटर लावा, ५४.६ व्होल्टच्या आसपास यायला हवं. तेवढं आलं तरी एवढ्यावर थांबू नका, खरी टेस्ट लोडवरच होते, ती सर्व्हिस सेंटरला करून घ्या. तोवर चढाला असिस्ट (मोटरची मदत) कमी ठेवून पॅडल मारा. आणि पॅक घरी उघडू नका प्लीज, शॉर्ट झाला तर आग लागते, फुगला असेल तर चार्जिंगलाही लावू नका.