पहिला प्रश्न गल्लीचा, दुसरा आपला

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकमेकांना विचारून लिहिल्यासारखी आहेत. हवा, जेवण, काम आणि टीव्ही यांवरच्या रोजच्या किरकोळ बोलण्याविषयी चौघांचीही तक्रार आहे. कुणाला ते नकोसे होते, कुणाला ते जमत नाही, तर कुणाला ते पुरत नाही. म्हणून या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवून या चारच पत्रांना उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे थोडी कापावी लागली आहेत.

प्रश्न : लग्नानंतर मी डोंबिवलीहून कोल्हापुरात आले. कंपनीचे काम घरूनच करते. कपडे वाळत घालायला दारात आले, की समोरच्या काकू रोज न चुकता ‘जेवलीस काय?’ असे विचारतात. पिशवी घेऊन बाहेर पडले, की ‘कुठं निघालीस?’ हा प्रश्न ठरलेला. सुरुवातीला मी सविस्तर उत्तरे देत असे, आता दार लोटून घेते. माझ्या जेवणाशी यांना काय देणेघेणे आहे? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : आपल्या जेवणाशी त्यांना खरोखरच काही देणेघेणे नाही, आणि हे एकदा लक्षात आले की निम्मा त्रास संपतो. ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात अशा बोलण्याचा वेगळा विचार केला आहे. पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअँड बेटांवरच्या लोकांत राहून आलेल्या या अभ्यासकाचे म्हणणे असे, की हवापाण्यावरच्या आणि तब्येतीच्या चौकशांचा हेतू माहिती मिळवणे हा नसतो, तर दोन माणसांमधला अबोला मोडून त्यांना एकमेकांशी जोडणे हा असतो. समोरच्या काकूंनी मालिनोव्हस्कीचे नाव ऐकलेले असण्याचे कारण नाही. पण रोज दुपारी त्या आपल्याला सांगतात ते एवढेच, की बाई, तू इथे आहेस हे मी पाहिले.

त्यामुळे उत्तरही तेवढ्याच मापाचे असावे. सकाळी उशिरा उठल्यापासून भाजीत मीठ जास्त पडल्यापर्यंतचा वृत्तान्त देऊ नये, आणि दारही लोटू नये. ‘व्हायचंय अजून, तुमचं?’ एवढे पुरते. त्यातला शेवटचा ‘तुमचं?’ मात्र गाळू नका, कारण तो गाळला की उत्तर बरोबर असूनही तुटक वाटते. ‘कुठं निघालीस?’ या प्रश्नाबाबत तर आपल्या बाजूला जुनी माणसेही आहेत. निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारले की काम होत नाही, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे आणि तिथे ‘लांब काय?’ असे वळसा घालून विचारतात. दोन्हींना ‘हितंच, जाऊन येतो’ हे एकच उत्तर चालते, आणि त्यातून पत्ता कुणालाच कळत नाही.

हो, ‘येतो’च. कोल्हापुरातल्या बायका ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असे बोलतात हे आपल्या कानांवर आलेच असेल. ते मुद्दाम उचलण्याची गरज नाही. दोन-तीन वर्षांत ते आपोआप जिभेवर बसेल, आणि एखाद्या दिवशी फोनवर डोंबिवलीची आई दचकेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. पगार किती, गोड बातमी कधी, माहेरून काय आले, हे प्रश्न याच सुरात विचारले जात असले तरी ते किरकोळ नाहीत. त्यांना ‘चाललंय की बरं’ म्हणून मोकळे व्हावे, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मुलगा चार वर्षांपासून जर्मनीत नोकरीला आहे. दर रविवारी फोन करतो आणि ‘पाऊस हाय काय? जेवलासा काय? गोळी घेतलासा?’ असे तीन प्रश्न विचारतो. दोन मिनिटांत फोन संपतो. शेजाऱ्याशी बोलावे तसे तो बापाशी बोलतो. हे त्याला तोंडावर सांगावे काय? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : सांगू नका. तीन प्रश्न आपण शब्दशः लिहिले आहेत, पण त्यांना आपण काय उत्तरे देता ते पत्रात कुठेच आलेले नाही. माझा अंदाज असा, की ती ‘हाय’, ‘जेवलो’ आणि ‘घेतली’ अशी असावीत. मास्तर, मुलाचे प्रश्न जर गल्लीतल्यासारखे असतील, तर आपली उत्तरेही त्याच गल्लीतली आहेत.

‘पाऊस हाय काय?’ हा प्रश्न कसबा बावड्यात किरकोळ कसा असेल? राजाराम बंधारा आपल्या गावाचा. तिथे पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सारे शहर नमस्काराऐवजी ‘पाणी किती फुटांवर?’ असे विचारते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आपला मुलगा चार वर्षांपूर्वी गेला, म्हणजे हे त्याने पाहिलेले आहे. तो पाऊस विचारतो त्यात हे सगळे आले. शिवाय बंधाऱ्यावरचा आकडा त्याला तिकडे मोबाइलवर दिसतो, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले तेही दिसते. दिसत नाही ते एवढेच, की आज सकाळी आपण घाटावर गेलात तेव्हा पाणी कुठल्या पायरीला लागले होते, दीपमाळा किती बुडाल्या होत्या, आणि पाणी बघायला आलेल्या माणसांत कोण कोण भेटले. ते सांगायला आपल्याशिवाय त्याच्याकडे कुणी नाही.

पावसावर बोलण्यासारखे आपल्याकडे इतके आहे, की एका रविवारी संपू नये. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा, हे त्याला आठवते का ते विचारा, आणि यंदा तरण्यापेक्षा म्हाताऱ्यानेच जोर केला असेल तर तेही ऐकवा. गगनबावड्याला धो धो कोसळतो आणि शिरोळात त्या मानाने काहीच पडत नाही, तरी पुराचे पाणी शेवटी शिरोळकरांच्याच दारात जाते, म्हणून शिरोळचा माणूस स्वतःच्या आभाळाकडे न बघता गगनबावड्याच्या पावसाची चौकशी करतो. हा आपल्या जिल्ह्याचा भूगोल आपण वर्गात शिकवलाच असेल. पावसाळा सरला की नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना, आणि पुढे ३१ जानेवारीपासून २ फेब्रुवारीपर्यंत, अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येत देवीपर्यंत पोहोचतात की पश्चिमेकडच्या ढगांत अडतात, यावर संध्याकाळी सगळ्या पेठांतून ‘किरणं कुठपर्यंत आली?’ हा प्रश्न फिरतो. चरणांपर्यंत, कमरेपर्यंत की मुखापर्यंत? हीसुद्धा हवेवरचीच गप्पा आहे. तीच गोष्ट एप्रिल-मेमधल्या वळवाची. दुपारभर उकडून चार वाजता पहिला वळीव कोसळतो तेव्हा गच्चीवरच्या कुरडया गोळा करताना होणारी धावपळ जर्मनीत होत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पहिला प्रश्न सगळ्यांचा सारखाच असतो, त्यात कुणाचे कौशल्य नाही. ओळख दिसते ती दुसऱ्या प्रश्नात, कारण तो समोरच्याच्या उत्तरातून काढावा लागतो. ‘जेवलो, तू काय केलंस?’ असे आपण विचाराल तेव्हा तो ‘भात-आमटी’ म्हणेल. तिथे ‘बरं’ म्हणून थांबू नका. ‘चटणी किती उरलीय?’ असे विचारा.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे चटणी म्हणजे खोबऱ्याची नव्हे. ब्याडगी, संकेश्वरी अशा मिरच्या उन्हात वाळवून, कांदा, लसूण, खोबरे आणि गरम मसाला घालून, डंकावर, म्हणजे तिखट कुटायच्या गिरणीत, कुटून आणलेले ते वर्षाचे लाल तिखट. डंकावर रांगेत डबे लावून बसलेल्या बायका, उडणाऱ्या तिखटाने सगळ्यांना एकदमच येणाऱ्या शिंका आणि घरी आल्यावर बरणीत दाबून भरताना वर ठेवलेला हिंगाचा खडा, हे ज्याने पाहिले आहे त्याला बरणीची पातळी विचारणे म्हणजे काय ते कळते. माझी धाकटी बहीण इंदूरला असते. तिची बरणी तळाला गेली की ती कधी येणार हे मला विचारावे लागत नाही. आपल्या मुलाने ‘निम्मी झाली’ असे सांगितले तर त्याच्या स्वयंपाकघरात रोज काहीतरी शिजते आहे असे समजा. आणि ‘हाय की अजून पुष्कळ’ असे म्हणाला, तर पोरगा बाहेर खातो आहे, मग त्यावर बोला. गोळीचे उत्तर मात्र एका शब्दात दिलेत तरी चालेल.

प्रश्न : मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत नवा इंजिनिअर आहे. सकाळच्या चहाच्या सुटीत सगळे मालिका, क्रिकेट आणि ऊस यांवर बोलतात. माझी शेती नाही, मी टीव्ही पाहत नाही, त्यामुळे कप घेऊन नुसता उभा असतो. लोक मला शिष्ट समजू लागले आहेत. मालिका बघायला सुरुवात करू का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : एवढ्यासाठी मालिका बघणे ही जबर शिक्षा होईल. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर दोन दशके तरी टीव्हीवरची गप्पा सोपी होती, कारण सर्वांच्या घरी तेच दिसे. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की रस्त्यावर माणूस दिसत नसे, आणि सोमवारी ‘काल बघितलास काय?’ एवढे म्हटले की अर्धा तास जाई. ज्याच्या घरी टीव्ही नव्हता त्यानेही ते दुसऱ्याच्या ओसरीवर बसून पाहिलेले असे. आता एकाच घरात चार जण चार मोबाइलवर चार गोष्टी पाहतात, त्यामुळे ‘काल बघितलास काय?’ हा प्रश्न बाद झाला आहे, आणि त्याच्या जागी ‘सध्या काय बघायलाय?’ हा प्रश्न आला आहे. हा प्रश्न विचारायला स्वतः काही बघावे लागत नाही. उलट मालिका बघणाऱ्याला ती न बघितलेला श्रोताच हवा असतो, कारण बघितलेल्याला गोष्ट सांगण्यात मजा नाही. दुसऱ्या दिवशी ‘मग त्या सुनेचं काय झालं?’ एवढे लक्षात ठेवून विचारलेत, की आपला शिष्टपणा तिथेच संपला. ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेचे चित्रीकरण जवळच्या वसगडे गावात होत असे, तेव्हा टीव्ही न बघणारेही त्या वाड्याविषयी तावातावाने बोलत होते. न बघता बोलण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे.

उसाचे तेवढे जपून. गळीत हंगाम सुरू झाला की ‘तोड आली काय?’ हा प्रश्न विचारायला शेती लागत नाही. तोड लांबली असेल तर समोरचा माणूस ऊस तोडणाऱ्या टोळीपासून कारखान्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करेल आणि आपला चहा निवांत होईल. ‘एकरी टनेज किती पडलं?’ हेही खुशाल विचारा, चांगले पडले असेल तर तो ते सांगायला टपलेलाच असतो. मात्र बिल किती जमा झाले, हे विचारू नका. आपण परक्या घरचे पातेले उघडून बघत नाही, तसेच ते आहे. क्रिकेटमध्ये मला स्वतःलाच गती नाही, तेव्हा त्यावर सल्ला देत नाही.

प्रश्न : माझे लक्ष्मीपुरीत धान्याचे दुकान आहे. येणारा प्रत्येक जण आधी हवा, मग तब्येत, मग पोराबाळांची चौकशी करतो आणि शेवटी दर विचारतो. मी मुद्द्याचा माणूस आहे. असल्या बोलण्यात वेळ फुकट जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले काय मत आहे? (एक व्यापारी)

उत्तर : आपले गिऱ्हाईक ‘पाऊस काय म्हणतोय?’ असे विचारते तेव्हा त्याचा हात कुठे असतो, हे एकदा पाहा. तो पोत्यात असतो. तांदूळ मुठीत घेऊन तो तुकडा किती आहे ते बघतो, जुना की नवा हे वासावरून ठरवतो, आणि हे सगळे आपल्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून पावसाचे विचारतो. त्याचा वेळ वाया जात नाही, याची खात्री बाळगा. आपला जात असेल तर आपणही त्या वेळात गिऱ्हाईक पाहावे.

राहता राहिली मुद्द्याची गोष्ट. ‘यंदा पावसाने अगदी पिच्छा पुरवला आहे, आपली तब्येत बरी असेल अशी आशा आहे’ हे आपल्या पत्राचे पहिले वाक्य मी जागेअभावी छापलेले नाही. तब्येत बरी आहे. आपली?