गाडी ठेवायला घेतोयस की चालवायला?

भावा, जुनी सॅन स्टॉर्म (भारतात बनलेली दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार) घेऊ का विचारतोयस, तर आधी हे ठरव, बाकी सगळं नंतर. २०१८ ला एक जुनी फेरारी २५० जीटीओ लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली हे खरंय, पण त्या गाड्या १९६२ ते ६४ मध्ये मोजून ३६ बनल्या, आणि तू बघतोयस ती सॅन स्टॉर्म, तिचा भाव तसा चढेल म्हणून पैसे अडकवू नकोस. आवडलीये तर घे आणि चालव.

फायबरची बॉडी गंजत नाही म्हणून विकणारा फुशारक्या मारेल, पण खालची चासी लोखंडाचीच, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तीच आधी जाते, तेव्हा रॅम्पवर चढवून टॉर्च मारून सस्पेन्शनच्या माउंटिंगपाशी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ, पापुद्रे निघाले की सरळ नमस्कार कर. नुसती झाकून ठेवलीस तर अजून वाट लागेल, कव्हरखाली दमट, पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, ब्रेक जाम, आणि उंदीर वायरिंग खातात ते वेगळंच. आठवड्यातून एकदा आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्यापर्यंत ने, इंजिन नीट गरम होऊ दे, आल्यावर खालून गोड्या पाण्याने धू. (पावसात मात्र राहू दे.) आणि हो, गाडीला १५ वर्षं होऊन गेली असतील तर आरसी रिन्यू आहे का ते टोकन द्यायच्या आधी बघ.