डुलकीतले स्वप्न आणि साखरझोपेतले स्वप्न

प्रश्न : स्वप्ने केवळ ‘रेम’ (डोळ्यांच्या जलद हालचालींच्या) झोपेत पडतात आणि ती अवस्था झोप लागल्यानंतर सुमारे दीड तासाने येते, असे वाचले होते. परंतु परवा दुपारी खुर्चीतच जेमतेम पाच मिनिटे डोळा लागला आणि तेवढ्यात जिन्यावरून पाय घसरल्याचे स्वप्न पडून मी दचकून जागा झालो. हे कसे? आणि पहाटेचीच स्वप्ने अधिक का आठवतात?

उत्तर : आपण वाचलेले अर्धेच खरे आहे. बंद पापण्यांआड बुबुळे वेगाने हलतात अशी एक अवस्था झोपेत वारंवार येते, हे शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी 1953 मध्ये दाखवले. त्या अवस्थेत उठवलेली माणसे बहुतेक वेळा स्वप्न सांगत, त्यामुळे रेम झोप म्हणजेच स्वप्न हे समीकरण रूढ झाले. पुढे 1962 मध्ये डेव्हिड फोक्स यांनी झोपेतून उठवलेल्यांना ‘स्वप्न पडत होते का?’ असे न विचारता ‘मनात काय चालले होते?’ असे विचारले, तेव्हा इतर अवस्थांतूनही बरेच काही हाती आले. प्रश्न बदलताच उत्तर बदलावे, ही या विषयातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट आहे. रेममधली स्वप्ने सहसा लांब, चित्रमय आणि भावनांनी भरलेली असतात, तर इतर वेळची बरीचशी त्रोटक, विचारांसारखी असतात; हा फरक मात्र खरा आहे.

आपला अनुभव बहुधा झोपेच्या अगदी उंबरठ्यावरचा आहे. डोळा लागताना क्षणिक दृश्ये तरळतात आणि त्याच वेळी स्नायूंना एकाएकी हिसका बसला, तर पडल्याचा भासही होतो. रेम झोपेत डोळ्यांचे आणि श्वासाचे स्नायू वगळता शरीर जवळजवळ लुळे पडलेले असते. त्यामुळे सर्वांगाला बसणारा असा हिसका त्या अवस्थेत सहसा संभवत नाही.

आता पहाटेविषयी. रात्रभरात झोपेची सुमारे नव्वद मिनिटांची चार ते सहा आवर्तने होतात, पण ती एकसारखी नसतात. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात येते आणि तेव्हाचा रेमचा काळ काही मिनिटांचाच असतो. शेवटच्या आवर्तनात तो अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याहूनही लांबतो. म्हणजे साखरझोपेत स्वप्ने अधिक पडतात हे खरेच, पण आठवण राहण्याचे मुख्य कारण म्हणजे त्यांच्या मधूनच किंवा लगेच नंतर आपल्याला जाग येते. मध्यरात्रीचे स्वप्न संपल्यावर पुन्हा झोपेत बुडालेल्या माणसाला ते सकाळी आठवत नाही आणि ‘मला स्वप्नेच पडत नाहीत’ असे तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो.