पाच वॉटचे वीस वॉट करावेत का?

प्रश्न : घरी बांधलेल्या ७ मेगाहर्ट्झच्या ट्रान्सिव्हरमधून (संदेश पाठवणारा व घेणारा रेडिओ संच) १२ व्होल्टवर ५ वॉट मिळत. शेवटच्या टप्प्यातील आयआरएफ५१० या मॉस्फेटला (सिग्नलची ताकद वाढवणारा ट्रान्झिस्टर) २४ व्होल्ट दिले आणि तो जळाला. काय चुकले असावे?
— एक परवानाधारक हौशी रेडिओचालक, सातारा

उत्तर : बायस (सिग्नल नसतानाही मॉस्फेटमधून थोडा प्रवाह वाहता ठेवणारे व्होल्टेज) तसाच ठेवून व्होल्टेज दुप्पट केले की, बोलत नसतानाही मॉस्फेटमधील उष्णता दुप्पट होते, लहान हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) ती झेपत नाही. नवा मॉस्फेट बसवताना त्याचा पाठचा पत्रा ड्रेनला (पुरवठ्याचे व्होल्टेज येते त्या टोकाला) जोडलेला असतो हे लक्षात ठेवून पत्रा आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची चकती घालावी, बायसचा प्रीसेट (फिरवून जुळवायचा रोधक) पूर्ण खाली आणावा आणि ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोधक) जोडूनच तो हळूहळू वाढवावा. खरे तर ५ चे २० वॉट झाले, तरी ऐकणाऱ्याच्या मीटरवर जेमतेम एक एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजण्याची एक पायरी) वाढते. त्यापेक्षा सुमारे २० मीटरचा डायपोल (दोन समान तारांचा अँटेना) गच्चीच्या कठड्यावरून उचलून उंच बांधावा.