कायदा वेल्सचा, पोलीस लंडनचे

प्रश्न : मी मूळची सातारची असून गेली काही वर्षे कार्डिफ येथे नोकरीनिमित्त राहते. येथे मुलाला धपाटा घालणेही कायद्यात बसत नाही, पण ब्रिस्टलला, म्हणजे गाडीने तासाभराच्या अंतरावर, नियम वेगळा आहे असे सहकारी सांगतात. पोलीस आणि न्यायव्यवस्था यांविषयी कायदे करण्याचा अधिकार वेल्सच्या विधिमंडळाला द्यावा, अशी मागणीही कानावर येते. माझ्याकडे भारतीय पारपत्र असूनही येथे मला मत देता येते, म्हणून विचारते : ही मागणी योग्य आहे का?
— एक वाचक, कार्डिफ

उत्तर : राष्ट्रकुल देशाचे नागरिक असल्यामुळे आपल्याला तेथे मताधिकार आहे, तेव्हा हा प्रश्न आपल्यासाठी केवळ कुतूहलाचा राहत नाही. माझे उत्तर आधीच सांगतो : मागणी योग्य आहे, मात्र सगळे एकाच वेळी मागू नये.

आपण धपाट्याचे उदाहरण दिलेत, आणि या वादातील खरी अडचण त्याच्याइतकी स्वच्छ दुसऱ्या कशात दिसत नाही. वेल्सच्या विधिमंडळाने, म्हणजे सेनेदने, २०२० मध्ये कायदा करून मुलांना मारणाऱ्या पालकांना मिळणारा ‘वाजवी शिक्षा’ हा जुना बचाव काढून टाकला आणि २१ मार्च २०२२ पासून तो कायदा अमलात आला. इंग्लंडमध्ये तो बचाव त्या वेळी कायम राहिला. कायदा कार्डिफमध्ये झाला खरा, पण तक्रार नोंदवणारे पोलीस लंडनच्या गृहखात्याच्या धोरणाखाली काम करतात, खटला चालवायचा की नाही हे ठरवणारी अभियोग सेवा इंग्लंड आणि वेल्स यांची सामाईक आहे, आणि न्यायालयेही तशीच. पालकांना तुरुंगाच्या वाटेला न लावता समुपदेशनाकडे वळवावे, अशी वेल्स सरकारची इच्छा होती. त्यासाठी त्याने पैसे दिले, स्थानिक परिषदांमार्फत योजना उभी केली, पण पोलिसांना आदेश देण्याचा अधिकार नसल्यामुळे हे सारे बोलाचालीने आणि सहमतीने जुळवावे लागले. या वेळी ते जुळले. उद्या दोन्ही सरकारांत बेबनाव असेल तेव्हा ते जुळेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

इंग्लंड आणि वेल्सचे माजी सरन्यायाधीश लॉर्ड थॉमस यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायविषयक अधिकार वेल्सकडे सोपवावेत अशी शिफारस केली. वेल्समधील न्यायव्यवस्थेवरील खर्चाचा जवळजवळ ४० टक्के भाग वेल्स सरकार आणि तेथील स्थानिक करांतूनच येतो, हे त्या अहवालाने दाखवले. पैसे देणारा एक आणि धोरण ठरवणारा दुसरा, असा हा संसार आहे. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था पूर्वीपासून स्वतंत्र आहे, आणि जेथे पोलीस हा शब्दही अनेक वर्षे स्फोटक होता त्या उत्तर आयर्लंडलादेखील एप्रिल २०१० मध्ये पोलीस व न्याय हे विषय मिळाले. मग चार पोलीस दले असलेल्या शांत वेल्सलाच ते का नाकारावेत, याचे पटणारे उत्तर मला लंडनकडून ऐकायला मिळालेले नाही.

विरोधकांचे दोन आक्षेप मात्र मी हलके मानत नाही. पहिला व्यवहाराचा : वेल्समध्ये महिलांसाठी एकही तुरुंग नाही, शिक्षा झालेल्या वेल्श स्त्रिया इंग्लंडमधील तुरुंगांत जातात, तेव्हा अधिकार आले तरी बराच काळ इंग्लंडकडूनच जागा मागाव्या लागतील. सीमाही कागदावरची आहे. उत्तर वेल्समधील माणसाचा रोजचा संबंध कार्डिफपेक्षा चेस्टर आणि लिव्हरपूलशी अधिक येतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. आरोग्य हा विषय १९९९ पासून कार्डिफकडे आहे आणि तेथील रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या लांबलचक आहेत. हातातले काम नीट होत नसताना नवे कशाला, असे लोक विचारतात. परंतु या आक्षेपातच त्याचे उत्तर दडलेले आहे. प्रतीक्षायादीचा जाब कोणाला विचारायचा, हे वेल्सच्या मतदाराला ठाऊक आहे. पोलिसांबाबत तो कोणाला विचारायचा, हे सांगायला मात्र मला वरचा सबंध परिच्छेद खर्ची घालावा लागला.

म्हणून पोलीस, बालगुन्हेगारांविषयीचे न्यायकार्य आणि परिवीक्षा, म्हणजे तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवरील देखरेख, हे तीन विषय आधी सोपवावेत. यांचे धागे शाळा, घरकुल, समाजकार्य आणि व्यसनमुक्ती यांच्याशी गुंतलेले आहेत आणि ते विषय सेनेदकडे आहेतच. स्वतंत्र न्यायाधिकारक्षेत्र, वरिष्ठ न्यायालये आणि तुरुंग हे विषय मागाहून सोपवावेत.

प्रश्न : वेल्समध्ये २०११ साली विधिमंडळाच्या अधिकारांवर जनमत घेतले गेले, परंतु दोन-तृतीयांश मतदार घरीच बसले असे वाचनात आले. अशा कौलाच्या आधारे विधिमंडळाचे अधिकार वाढवणे लोकशाहीला धरून होते का?
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : आपण वाचलेला आकडा बरोबर आहे. ३ मार्च २०११ रोजी जेमतेम ३५.६ टक्के मतदान झाले, त्यांपैकी ६३.५ टक्के लोकांनी होकार दिला. २२ पैकी २१ परगण्यांत होकार होता आणि मॉनमथशायरमध्ये नकार जिंकला तो ३२० मतांनी.

लोक घरी का बसले, हे समजण्यासाठी त्यांना विचारले काय होते ते पाहावे लागेल. १९७९ साली वेल्सने स्वतःचे विधिमंडळ जवळजवळ चारास एक अशा प्रमाणात नाकारले होते. १८ सप्टेंबर १९९७ रोजी ते स्वीकारले गेले, तेही केवळ ६,७२१ मतांच्या फरकाने. इतक्या काठावरच्या कौलातून जन्मलेल्या विधिमंडळाला प्रारंभी मूळ कायदे करण्याचा अधिकारच नव्हता. वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनच्या संसदेने, केलेल्या कायद्यांखाली नियम करणे एवढेच त्याच्या हाती होते. या विधिमंडळाच्या अधिकारांचा विचार करणाऱ्या रिचर्ड आयोगाने २००४ मध्ये ही व्यवस्था बदलण्यास सुचवले, तेव्हा २००६ च्या कायद्याने एक विलक्षण मधला मार्ग काढला. कार्डिफला एखाद्या बाबीवर कायदा करायचा असेल तर आधी त्या बाबीपुरता अधिकार लंडनकडे मागायचा, तो समित्यांच्या चाळणीतून आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मंजूर होऊन आला, की मग कायदा लिहायला बसायचे. कणीक आपली, चूल आपली, पण दर पोळीला तवा शेजारून मागून आणायचा, अशातला तो प्रकार होता. वेल्श भाषेविषयी कायदा करण्याचा अधिकार मिळवण्याचीही हीच वाट होती. भाषा वेल्सची, आणि परवानगी लंडनची.

२०११ चा प्रश्न हा तवा कायमचा घरी आणण्यापुरता होता : आधीच सोपवलेल्या २० विषयांवर थेट कायदे करता यावेत का? नवा विषय एकही नव्हता. शिवाय नकाराच्या बाजूच्या प्रमुख गटाने अधिकृत प्रचारक म्हणून मान्यता मागितलीच नाही, आणि नियमानुसार एका बाजूला मान्यता नसेल तर दुसरीलाही देता येत नसल्यामुळे दोन्हीकडचा सरकारी निधी आणि प्रसारणाची वेळ गेली. विषय किचकट, प्रचार फिका. लोक आले नाहीत यात नवल कसले? माझ्या मते चूक कौलाची नव्हे, जनमत घेण्याची होती. असा कार्यपद्धतीचा बदल संसदेने नेहमीच्या कायद्याने करायला हवा होता. पुढे अधिकारांची मांडणीच उलटवून, राखून ठेवलेले विषय सोडून बाकी सर्व सेनेदचे, असे ठरवणारा २०१७ चा त्याहून मोठा बदल जनमताविना झालाच की.

त्या कौलाचे फळ काय, असेही कोणी विचारील. मृत्यूनंतर अवयवदानास नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरणारा कायदा वेल्सने २०१३ मध्ये केला आणि १ डिसेंबर २०१५ पासून अमलात आणला. ब्रिटनमध्ये असे करणारा तो पहिला देश.

प्रश्न : सेनेद आणि आपली विधानसभा यांची तुलना करता येईल का?
— कायद्याची एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : वरवर येईल, मुळात नाही. आपल्या विधानसभेचे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहेत आणि त्या सूचीत फेरफार करायचा तर संसदेच्या विशेष बहुमतासोबत किमान निम्म्या राज्यांची संमती लागते. सेनेदचे अधिकार संसदेच्या साध्या कायद्यांतून आलेले आहेत आणि संसद वेल्ससाठी कोणताही कायदा आजही करू शकते. सोपवलेल्या विषयांवर सामान्यतः संमतीवाचून कायदा करायचा नाही, हा संकेत कायद्याच्या पुस्तकात गेला असला, तरी तो न्यायालयातून बजावून घेता येत नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सांगितले. ब्रिटनच्या घटक देशांमधील व्यापाराविषयीचा २०२० चा अंतर्गत बाजारपेठ कायदा सेनेदने संमती नाकारल्यानंतरही झाला. म्हणजे नवे विषय मिळवण्याइतकेच मिळालेले विषय टिकवणे हेही वेल्सपुढचे काम आहे.

तुलना करताना एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवावी. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय आपल्या राज्यांकडे पहिल्यापासून आहेत, जे वेल्स आज मागत आहे. उलट आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार भारतीय संसद साध्या बहुमताने राज्याच्या सीमा बदलू शकते आणि संबंधित विधिमंडळाचे केवळ मत मागवले जाते. संमती लागत नाही.