आल्प्समधल्या ड्रू शिखरावरचा बोनाटी स्तंभ कोसळला; इटालियन गिर्यारोहक वॉल्टर बोनाटीने तो पहिल्यांदा चढला, म्हणून ते नाव. तो चढलेल्यांना आज काय वाटत असेल? आणि तिथे आता चढता येतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. बोनाटीचा मार्ग आता चढता येत नाही, कारण तो ज्या कातळावर होता तो कातळच खाली गेला. २००५ च्या जूनअखेर सुमारे २,६५,००० घनमीटर ग्रॅनाइट सुटला. उरलेल्या फिक्या राखाडी भिंतीवर पुढे नवे मार्ग निघाले, पण तो वेगळा विषय.

पहिल्या प्रश्नाने मात्र मला रात्री झोप लागू दिली नाही.

ऑगस्ट २००४. मी आणि माझा दोरावरचा जोडीदार. आपल्या वानरलिंगी सुळक्यापासून एकत्र चढत आलेलो. बोनाटीने १९५५ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, एकट्याने सहा दिवस त्या स्तंभावर काढले. आदल्या वर्षी के-टू शिखरावर तो आणि मोहिमेतला पाकिस्तानी हमाल महदी आठ हजार मीटरच्या वर तंबूशिवाय उघड्यावर रात्रभर बसले होते, आणि पुढे आरोप बोनाटीच्याच माथी आले. त्या के-टूनंतर तो ड्रूवर गेला. एका जागी पुढे वाटच नव्हती, तेव्हा दोराच्या टोकाला गाठी मारून त्याने तो वरच्या कातळाकडे फेकला, अडकेपर्यंत फेकत राहिला, आणि त्याच्यावर भार टाकून पोकळीत झोका घेतला. ही गोष्ट आम्ही दोघांनी कितीतरी मुक्कामांत एकमेकांना सांगितली होती.

मॉन्टनव्हेरच्या छोट्या रेल्वेने वर गेलो, मेर द ग्लास ही हिमनदी ओलांडली आणि स्तंभाकडे चढणाऱ्या नाळेच्या, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीच्या, तोंडाशी रात्र काढली. रात्रभर वरून दगड येत होते. उन्हात दगड सुटतात हे समजू शकतं. पण भर रात्री, जेव्हा सगळं गोठून घट्ट बसायला हवं, तेव्हा सुटतात म्हणजे आतलंच काहीतरी हललंय. भेगांत खोलवर कायम गोठलेला बर्फ असतो, तोच कातळाला धरून ठेवतो. २००३ चा उन्हाळा भयंकर गेला होता. पहाटे तीनला मी म्हटलं, जायचं नाही.

जोडीदार काही बोलला नाही. त्याने दोन वर्षं पैसे साठवले होते, बिनपगारी रजा घेतली होती. त्याची समजूत काढायला मी म्हटलं, "डोंगर कुठे पळून जातोय? पुढच्या वर्षी येऊ."

दहा महिन्यांनी स्तंभ पडला. बातमी मला त्यानेच फोनवर दिली. पुढे एकच वाक्य: "तुझ्यामुळे राहिला."

वीस वर्षं झाली, अजून तेच म्हणतो. म्हणून इथे स्पष्ट लिहितो, तोही वाचेल. परत फिरण्याचा माझा निर्णय बरोबर होता. ड्रूच्या त्या बाजूचे कडे १९५० मध्ये आणि १९९७ मध्येही मोठ्या प्रमाणावर कोसळले होते, सगळ्यांना ठाऊक होतं. जो नाळेत दगड ऐकूनही वर जातो त्याला मी धाडसी म्हणत नाही. चुकलं ते माझं वाक्य. आपल्याकडे प्रत्येक दादा नवख्याला ते सांगतो, मीही कित्येकांना सांगितलं. आता सांगत नाही. खाली उतरायचं तर भीती वाटते म्हणून उतरा आणि तसंच बोला. पुढच्या वर्षीचं वचन कुणाला देऊ नका.

चढलेल्यांना काय वाटतं, हे तुम्ही त्यांनाच विचारा. आम्ही स्तंभाला हातही लावलेला नाही, हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. बोनाटी २०११ मध्ये गेला, म्हणजे आपल्या नावाचा स्तंभ गेल्यावर सहा वर्षं तो होता. मला मनात त्याचाच विचार जास्त येतो.

आदल्या संध्याकाळी जोडीदाराने हिमनदीवरून एक फोटो काढला होता. पूर्ण स्तंभ, तळापासून टोकापर्यंत, तांबूस उजेडात. मी तीनदा मागितला. त्याने अजून दिलेला नाही.